दोन जलवाहिन्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. पुढे बिडकीन आणि ढोरकीन ही गावे ओलांडली की गोदावरीच्या काठचे पैठण येते. चितेगावचे रूप आज दुहेरी आहे. रस्त्याच्या बाजूला कारखाने उभे आहेत, आणि भोवतालच्या शिवारात कपाशी, तूर, बाजरी ही पिके डोलतात. अधूनमधून मोसंबीची एखादी गर्द हिरवी बागही दृष्टीस पडते. पाऊस या भागात बेताचाच. त्यामुळे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, याकडे येथील लहानथोरांचे लक्ष सदैव असते.

या रस्त्याच्या कडेने पाण्याचा एक मोठा प्रवाह नळांतून वाहत असतो. पैठणजवळ गोदावरी अडवून जायकवाडीचे धरण बांधले गेले. त्याची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. धरणामागच्या विस्तीर्ण जलाशयाला नाथसागर म्हणतात. या जलाशयाचे पाणी ढोरकीन, फारोळा, नक्षत्रवाडी असे टप्पे घेत शहराला पोहोचते. नाथसागराच्या पातळीपेक्षा शहर सुमारे १०० मीटर उंचावर आहे. पाण्याचा स्वभाव उताराकडे धावण्याचा. त्याला इतक्या चढावर न्यायचे, तर प्रचंड पंप अहोरात्र चालवावे लागतात. वीज गेली की पाणी जागच्या जागी थांबते. वाटेत कोठे नळ फुटला, तर पाण्याचा उंच फवारा उडतो, शेतांत तळी साचतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मथळा झळकतो: ‘जलवाहिनी फुटली’. मग शहरातील घराघरांत रिकामे हंडे वाट पाहत राहतात. अलीकडच्या वर्षांत याच मार्गाने अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनी घालण्यात आली. तिच्या नळातून उंच माणूसही ताठ मानेने चालत जाऊ शकेल.

‘जलवाहिनी’ हा शब्द या परिसरातील मुलांच्या कानांवर असा नित्य पडतो. हाच शब्द शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातही भेटतो. परंतु तेथे त्याने ओळखली जाणारी वस्तू निराळी आहे. एकच काम करण्यासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. वनस्पतीच्या अंगातून पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीचे नाव आहे जलवाहिनी. ही जलवाहिनी रस्त्याच्या कडेला नाही. ती मोसंबीच्या प्रत्येक झाडात, मुळाच्या टोकापासून पानाच्या शिरेपर्यंत पसरलेली आहे. तिची एकेक नळी केसाइतकी, कित्येकदा केसाहूनही बारीक असते. एका खोडात अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांना पंप नाही, वीज नाही, देखरेखीला कामगार नाहीत. तरीही सूर्य उगवताच त्यांतून पाणी वर चढू लागते, आणि बागेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा किंचितही आवाज ऐकू येत नाही.

हे पाणी वर चढते तरी कसे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गोंधळात टाकले होते.

शेतकऱ्याला विहिरीचा अनुभव असतो. काठावर बसवलेली मोटार विहिरीतील पाणी ओढते. परंतु उन्हाळ्यात पाणी खोल गेले, की तीच मोटार निरुपयोगी ठरते. मग ती विहिरीत खाली उतरवावी लागते. याचे कारण इटलीतील टॉरिचेल्ली याने १६४३ साली दाखवून दिले. नळीतील हवा काढून घेतली, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. पण तो दाब पाण्याला सुमारे १० मीटरच उचलून धरू शकतो, त्याहून अधिक नाही. आता मोसंबीचे झाड त्या मानाने ठेंगणे. परंतु गावोगावचे जुने वड आणि पिंपळ १० मीटरांची मर्यादा सहज ओलांडतात. आणि अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रेडवूड नावाचे वृक्ष ११५ मीटरांपर्यंत वाढलेले आहेत. नाथसागराचे पाणी शहरात चढवण्यासाठी जेवढी उंची गाठावी लागते, तेवढी आणि त्याहून थोडी अधिक उंची हा वृक्ष एकही यंत्र न वापरता गाठतो. मुळे पाण्याला खालून थोडासा दाब देतात हे खरे. पण एवढ्या उंचीला तो मुळीच पुरत नाही.

काहींना वाटले, की खोडातील जिवंत पेशीच पाणी उचलून एकमेकींकडे देत असतील. जर्मनीतील स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे तपासण्यासाठी उंच झाडे बुडाशी तोडली आणि त्यांचे बुंधे मोरचुदासारख्या विषारी द्रावणात उभे केले. विष चढत गेले, वाटेतील जिवंत पेशी मरत गेल्या. तरीही द्रावण थेट शेंड्यापर्यंत पोहोचले. हे प्रयोग त्याने १८९१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९२३ साली आपल्या देशाचे थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो, असे मत ग्रंथरूपाने मांडले. वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली मोजणारी त्यांची यंत्रे जगाने नावाजली. पण हे मत मात्र पुढील संशोधनात टिकले नाही. विज्ञानात असे घडते. तेथे नाव कितीही मोठे असले, तरी अखेरचा शब्द प्रयोगाचा असतो.

जलवाहिनीच्या नळ्या तर मुळी मृत पेशींच्याच बनलेल्या असतात. लांबट पेशी एकावर एक उभ्या राहतात, आपल्या भिंती जाड आणि कणखर करतात, आणि मग त्यांच्यातील जीवद्रव्य नाहीसे होते. मधले पडदे विरून जातात आणि मागे उरते ती अखंड पोकळ नळी. मग ओढ कोठून येते? तिचा उगम शोधण्यासाठी झाडाकडून पाण्याकडे वळावे लागते. पाण्याच्या अगदी लहानात लहान कणाकडे.

प्रत्येक वस्तू सूक्ष्म कणांची बनलेली आहे, ही कल्पना फार प्राचीन आहे. भारतात कणादमुनींच्या वैशेषिक दर्शनात परमाणूंचा विचार आढळतो. त्या विचाराला मोजमापाचा भक्कम आधार मिळाला तो मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. इंग्लंडमधील जॉन डाल्टन या शिक्षकाने १८०८ साली आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे स्वतःचे अणू असतात आणि ते ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन निरनिराळे पदार्थ घडवतात, असे त्याने सांगितले. पाण्याचा एक कण, म्हणजे एक रेणू, हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अशा तीन अणूंचा असतो. तो किती लहान? पाण्याच्या एका थेंबातील रेणू मोजायला जगातील आठशे कोटी माणसे बसली, आणि प्रत्येकाने न थांबता दर सेकंदाला एक रेणू मोजला, तरी तो एक थेंब मोजून संपायला सहा हजारांहून अधिक वर्षे लागतील.

या चिमुकल्या रेणूत एक गुण आहे. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूंना किंचित धन. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. त्या शेजाऱ्याचा पुढच्याकडे. सारे रेणू असे एकमेकांना धरून असतात. ही पकड एकेकटी पाहिली तर फार दुबळी आहे. सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात ती सुटते आणि पुन्हा जुळते. परंतु असंख्य रेणूंची पकड एकत्र आली, की बारीक नळीतील पाण्याचा एक चिवट धागा तयार होतो. अळूच्या पानावरचा थेंब गोल होऊन बसतो, तोही याच पकडीमुळे.

या धाग्याचे वरचे टोक पानात असते. पानाच्या खालच्या अंगाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ऊन तापू लागले, की त्या वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. या क्रियेचे नाव बाष्पोच्छ्वास. एक रेणू बाहेर पडला, की त्याच्या जागी मागचा रेणू ओढला जातो; त्याच्या मागे त्याचा शेजारी; आणि ही ओढ पानाच्या शिरेतून देठात, देठातून फांदीत, फांदीतून खोडात उतरत थेट मुळाच्या टोकाशी, मातीच्या कणांभोवतीच्या ओलाव्यापर्यंत पोहोचते. म्हणजे पाणी खालून ढकलले जात नाही. ते वरून ओढले जाते, आणि ते ओढण्याचे श्रम सूर्य करतो. आयर्लंडमधील डिक्सन आणि जोली यांनी हा विचार १८९४ साली मांडला. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक भाग असा वाफ होऊन उडून जातो. पाहणाऱ्याला हा अपव्यय वाटेल; परंतु हे उडून जाणारे पाणीच मागच्या पाण्याला वर आणते, आणि त्याच्याबरोबर मातीतील क्षारही पानांपर्यंत पोहोचतात.

दोरी दोन्ही टोकांनी ओढली की ताणली जाते. जलवाहिनीतील पाण्याचा धागाही तसाच ताणलेला असतो. शास्त्रज्ञ या स्थितीला ‘ताण’ म्हणतात. मौज अशी, की मोसंबीच्या बागाईतदारांच्या तोंडीही हाच शब्द आहे. आंबे बहार धरायचा असेल, तर हिवाळ्यात ते काही आठवडे बागेचे पाणी तोडतात. “बागेला ताण दिला,” असे ते म्हणतात. पाने पिवळी पडतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते. मग खते देऊन पाणी सोडले, म्हणजे “ताण मोडला”, की काही दिवसांत साऱ्या फांद्या पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरून जातात. ताण किती दिवस द्यायचा, हे जमिनीवर ठरते. भारी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तेथे अधिक दिवस; हलकी जमीन लवकर सुकते, म्हणून तेथे कमी. पानाचा रंग पाहून ही मर्यादा ओळखणे, हे बागाईतदाराचे खरे कसब.

कारण ताणाला मर्यादा आहे. माती पार कोरडी झाली आणि वर ऊन ओढतच राहिले, तर धागा अखेर तुटतो. तुटलेल्या जागी वाफेचा आणि हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी एरंडाच्या सुकत चाललेल्या पानाला अतिशय संवेदनशील यंत्र जोडले, तेव्हा त्यांना हे धागे तुटताना होणारी टिकटिक ऐकू आली. नळ्यांच्या बाजूच्या भिंतींत सूक्ष्म पडदे असतात. ते बुडबुड्याला शेजारच्या नळीत जाऊ देत नाहीत. एक नळी गेली, तर पाणी वळसा घेऊन दुसरीतून जाते. म्हणून थोडाफार दुष्काळ झाड सोसते. परंतु नळ्यांमागून नळ्या निकामी होत गेल्या, तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. आणि मग उशिरा आलेले पाणीही त्यांना वाचवू शकत नाही.

मराठवाड्याने हे दुःख पाहिले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात छत्रपती संभाजीनगर आणि जालना या जिल्ह्यांतील मोसंबीच्या कित्येक बागा वाळल्या. लेकरांसारख्या वाढवलेल्या झाडांसाठी शेतकऱ्यांनी टँकरने पाणी विकत आणले. कोणी बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन पसरले, म्हणजे मातीतील ओल उडून जाऊ नये. कोणी फांद्या छाटून पानांचा भार हलका केला. कोणी पानांवर केओलीन या पांढऱ्या मातीचे पाणी फवारले, म्हणजे ऊन परतून जावे. या साऱ्या उपायांचा हेतू एकच होता: पाण्याचा धागा तुटू देऊ नये. काहींच्या बागा तरल्या. काहींना मात्र वर्षानुवर्षे फळ देणारी झाडे स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. मोसंबीची नवी बाग फळाला यायला चारपाच वर्षे लागतात. म्हणून एक बाग जाणे म्हणजे घराची कित्येक वर्षांची मिळकत जाणे होय.

झाडात जलवाहिनीला जोडून दुसरीही एक वाट आहे. तिचे नाव रसवाहिनी. जलवाहिनी लाकडात असते, तर रसवाहिनी सालीच्या आतल्या अंगाला. तिच्या वाहक पेशी जिवंत असतात. पाने सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी पाठवलेले पाणी यांपासून साखर तयार करतात. ती साखर रसवाहिनीत भरली जाते. शेजारच्या जलवाहिनीतील थोडे पाणी तिच्याकडे शिरते. त्यामुळे दाब वाढतो आणि तो रस जेथे गरज असेल तेथे वाहू लागतो. कधी खाली मुळांकडे, तर कधी फांदीवरच्या वाढत्या फळाकडे. पाणी वर जाते आणि अन्न गरजेच्या दिशेने जाते, असा हा व्यवहार अखंड चालतो. मुळे अंधारात राहून पानांना पाणी देतात. पाने उन्हात राहून मुळांना अन्न देतात. दोघांची कधी भेट होत नाही. पण एकाचे थांबले, तर दुसऱ्याचे फार काळ चालत नाही.

सतराव्या शतकात इटलीतील मालपिगी याने झाडांच्या सालीचे कडे सोलून पाहिले होते. सोललेल्या जागेच्या वरच्या बाजूला साल फुगली. खाली मात्र वाढ खुंटली. लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जातच होते, परंतु वरचे अन्न खाली उतरू शकत नव्हते. हाच प्रयोग बागेत एक रोग निर्दयपणे करतो. त्याला शेतकरी ‘डिंक्या’ म्हणतात. बुंध्याशी पाणी साचून राहिले, की बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव सालीत शिरतो. साल कुजते आणि तिच्यातून डिंक ओघळतो. ही कूज बुंध्याभोवती पसरत गेली, तरी झाड काही काळ हिरवेच दिसते. कारण जलवाहिनी अजून चालू असते. आत मात्र रसवाहिनी तुटलेली असते, मुळे उपाशी पडलेली असतात. कूज बुंध्याला पुरती वेढून गेली, की पुढे एके दिवशी सारे झाडच मान टाकते.

म्हणून पावसाळ्यापूर्वी बागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे निळसर बोर्डो मलम कालवतो आणि प्रत्येक बुंध्याला जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत फासतो. पाणी देतानाही तो झाडाभोवती दुहेरी बांगडीसारखे आळे करतो, म्हणजे पाणी मुळांना मिळते, पण बुंध्याला लागत नाही. अशा वेळी नात विचारते, “आबा, झाडाला रंग कशाला लावता?”

“रंग नव्हे गं बाळ, औषध आहे ते,” आबा म्हणतात. “साल गेली तर झाड जातं.”

रसवाहिनी हे नाव आबांनी कदाचित कधी ऐकलेले नसेल. पण सालीचे मोल त्यांच्या हातांना ठाऊक आहे. नात शाळेत ते नाव शिकते, आणि आबांच्या हातांनी जे केले, त्याचे कारण तिला सांगता येते. एकाकडे अनुभव असतो, दुसऱ्याकडे त्याची उकल. बाग सुरक्षित राहायची, तर दोन्ही हवीत.

दिवाळीच्या सुमारास आंबे बहाराची फळे तोडणीला येतात. एक मोसंब सोलावे आणि तिची फोड जिभेवर ठेवावी. तिच्यातील पाणी जलवाहिनीने मातीतून आणलेले आहे. तिच्यातील गोडी रसवाहिनीने पानांतून पोहोचवली आहे. त्या साखरेतील कार्बनचे अणू काल वाऱ्यावर भटकत होते, आणि हायड्रोजनचे अणू मातीच्या ओलाव्यात होते. झाडाने एकही नवा अणू निर्माण केला नाही. असलेलेच अणू त्याने नव्या रीतीने जुळवले. फळ खाणाऱ्याच्या शरीरात ती जुळणी पुन्हा सुटते. कार्बनचे अणू श्वासावाटे परत हवेत जातात. तेथून ते पुन्हा एखाद्या पानात शिरतील, कदाचित त्याच बागेतल्या. माणूस, झाड, माती आणि हवा यांच्यातील ही देवघेव फार जुनी आहे. तिच्यातील दोन धागे मोसंबीच्या बुंध्यात, मनगटाएवढ्या जागेत, एकमेकांना खेटून उभे आहेत. ते अखंड राखण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे.